एकोणीस क्रमांकाचा पाठ

आमच्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयाचं वार्तापत्र तीन महिन्यांतून एकदा निघतं. पानं आठ, रकाने तीन: प्राध्यापक, विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी. ते मी काढते. सत्तावीस वर्षं काढतेय. संपादक म्हणून खाली प्राचार्यांचं नाव असतं. कौतुक झालं तर ते त्यांचं, आणि चूक निघाली तर बोलणी मी खायची, अशी आमची वाटणी आहे.

प्राध्यापकांच्या बातम्या मागाव्या लागत नाहीत. मूल्यमापनाचे सर एखाद्या परिषदेत नुसता चहा पिऊन आले तरी ‘सक्रिय सहभाग’ असं लिहून पाठवतात. विद्यार्थ्यांच्या बातम्या विद्यार्थ्यांनाच ठाऊक नसतात, त्या खोदून काढाव्या लागतात. माझा खरा जीव तिसऱ्या रकान्यात. कुणी लिहितं, ‘माझ्या वर्गात सहा मुलं आहेत, सातवा शेळीला वेळ मिळेल तसा येतो.’ कुणी लिहितं, ‘यंदा मुख्याध्यापिका झाले, त्यामुळे शिकवणं सुटलं.’ दुपारच्या जेवणानंतर ही पत्रं उघडली की मला कार्यालयाचं भान राहत नाही. समोरचं कपाट हळूहळू पातळ होतं आणि त्याच्या जागी कुठल्यातरी लांबच्या वर्गाची खिडकी येते. मी तिथल्या शेवटच्या बाकावर बसते, फळा वाचते, एखाद्या पोराची गळती बाटली सरळ करते आणि चारच्या सुमारास परत येते. हेडक्लार्क म्हणतात, ‘डुलक्या काढता तुम्ही.’ काढते म्हणा.

त्या रकान्यात माझी स्वतःची ओळ मात्र कधी आलेली नाही. मी याच महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी आहे, पण अर्धी.

आमच्याकडे सराव पाठांच्या दिवसांत नावं बंद असतात. परीक्षकाला ओळखदेख कळू नये म्हणून सगळे हजेरी क्रमांकाने वावरतात, आणि मग वर्ष संपलं तरी तेच अंगवळणी पडतं. मी एकोणीस होते. शेजारच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर माझा अंतिम पाठ होता. पाठ टाचण, म्हणजे शिकवण्याची लेखी तयारी, अकरा पानी होतं. शेवटच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन आमच्या बाई बसल्या होत्या. त्यांचं ते नोकरीचं पहिलंच वर्ष, आणि आम्ही एकतीस जण त्यांची पहिली तुकडी. निम्मा पाठ झाला आणि मी खडू खाली ठेवला, दारातून बाहेर पडले आणि थेट घर गाठलं.

तीन महिन्यांनी मूळ प्रमाणपत्रं परत न्यायला आले, तेव्हा कार्यालयातली टंकलेखिका सोडून गेली होती. तेव्हाच्या हेडक्लार्कनी विचारलं, ‘टायपिंग येतं?’ मी हो म्हटलं आणि खुर्चीवर बसले, ती बसलेच. आई अजूनही नातेवाइकांना सांगते, ‘आमची कॉलेजात असते.’ त्यात खोटं काही नाही. पुढचं ते लोक आपापल्या मनाने समजून घेतात, आणि आई त्यांच्या आड येत नाही.

बाईंनी त्या दिवसाचा विषय सत्तावीस वर्षांत एकदाही काढला नाही. ‘अहो ताई, एवढं छापायचंय,’ ‘अहो ताई, रजेचा कागद द्या,’ इतकंच. त्यांना मी आठवत नव्हते की त्या मला सांभाळून घेत होत्या, हे मला कधी कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

मग गेल्या दोन वर्षांत बाईच विसरायला लागल्या. आधी फळ्यावरची तारीख जुनी पडायची. पुढे एकाच सकाळी तीनदा यायच्या वेळापत्रक विचारायला, आणि तिन्ही वेळा तितक्याच गोड हसून ‘बरं झालं भेटलात’ म्हणायच्या. मी तिन्ही वेळा नव्याने सांगायची. चिडायची सवय मला पुष्कळ आहे, पण बाईंवर कधी चिडले नाही. त्यांच्याकडे बघताना वाटायचं, ही बाई एकेक दिवा मालवत घराच्या आतल्या खोलीकडे चालली आहे, आणि मी मात्र अजून ओसरीवरच उभी आहे.

त्यांच्या निवृत्तीची तारीख आली. आमच्याकडे निवृत्तीच्या दिवशी भाषणं नसतात, देवाची कृपा. निवृत्त होणारा आपल्या पहिल्या तुकडीची हजेरी घेतो. जो आलाय तो ‘हजर’ म्हणतो आणि आपली बातमी सांगतो. जो आला नाही, त्याची बातमी वार्तापत्रवाली व्यक्ती उभी राहून वाचते. म्हणजे मी.

आता बघा माझी पंचाईत. एकतीस जणांच्या हजेरीत एकोणीस आला की काय व्हायचं? मीच उभी राहून म्हणायचं, ‘एकोणीस गैरहजर, बातमी नाही’? की समोर जमलेल्या मुख्याध्यापकांना, अधिकाऱ्यांना सांगायचं, ‘मी ती, पळून गेलेली, इथेच बसून तुमच्या बढत्या टाइप करत होते’? प्राचार्यांनी निमंत्रणं आणि छातीवर लावायचे बिल्ले बनवायचं काम मलाच दिलं होतं. तेव्हा मी एक लबाडी केली. यादीतून एकोणीस काढून टाकला आणि पुढचे सगळे एकेक पायरी खाली सरकवले. वीसचा एकोणीस झाला, एकविसाचा वीस. एकतिसांचे तीस झाले आणि मधली फट बुजली. कागदावर इतकं साफ दिसत होतं की मला क्षणभर स्वतःचा अभिमान वाटला, आणि पाठोपाठ असं रडू आलं की हेडक्लार्कनी खिडकी उघडून दिली. धूळ असेल म्हणाले.

कारण खरं सांगायचं तर, त्यांनी मला पुकारावं असंही मला वाटत होतं. बाई उद्यापासून यायच्या नव्हत्या. सहा महिन्यांनी कदाचित त्यांना कुणीच आठवणार नव्हतं. मी त्यांची विद्यार्थिनी होते हे या इमारतीत एकट्या त्यांनाच ठाऊक असेल तर असेल, आणि ती शेवटची हजेरी होती.

बावीस जण आले. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाचे गुडघे गेलेले. जुन्या वर्गाच्या दारात मी बिल्ले वाटत होते. मूळचा वीस आता शिक्षणाधिकारी झाला आहे. बिल्ला उलटसुलट करत तो म्हणाला, ‘मी वीस होतो ना हो?’

‘वय झालं साहेब तुमचं,’ मी म्हटलं.

तो हसला आणि त्याने एकोणीस लावला. पुढच्यांनीही थोडी कुरकुर केली आणि लावले. सगळी सरकारी माणसं, हातात आलेला कागद खरा मानतात. मला त्यांच्यातल्या एकानेही ओळखलं नाही. कार्यालयातल्या बाईकडे कोण निरखून बघतो?

दुपारचे साडेतीन झाले होते. वर्गाच्या उंच खिडक्यांमधून ऊन तिरकं येत होतं आणि त्यात खडूची धूळ तरंगत होती, कुठे उतरावं हे ठरत नसल्यासारखी. पन्नाशीची माणसं बाकांमध्ये कशीबशी शिरली. पाच मिनिटं कुजबुज, ढकलाढकल, कुणाचं तरी दप्तर पडल्याचा आवाज, तो खरं तर हँडबॅगेचा होता. मग बाई आत आल्या आणि बावीसच्या बावीस जण ताडकन उठले. बसा म्हणायच्या आधी बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मला त्या खोलीतलं वर्ष कोणतं ते सांगता आलं नसतं.

प्राचार्यांनी माझी छापील यादी पुढे केली. बाईंनी ती घेतली आणि टेबलावर पालथी ठेवली.

‘एक.’

‘हजर, बाई.’ एक म्हणाला की त्याच्या शाळेला नवी विहीर मिळाली आहे. दोनच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. चार आला नव्हता, त्याची बातमी मी मागच्या दाराजवळच्या खुर्चीतून उठून वाचली. बाई न अडखळता पुढे जात होत्या. वेळापत्रक तीनदा विचारणाऱ्या बाई त्या नव्हेतच. अकरा पुकारल्यावर मी उभी राहिले आणि वाचलं, ‘क्रमांक अकरा, दोन वर्षांपूर्वी निधन.’

बाई थांबल्या. ‘तिची वही माझ्याकडे राहिली आहे,’ त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, ‘बारा.’

सोळा. सतरा. अठरा.

‘एकोणीस.’

शिक्षणाधिकारी उठून उभा राहिला. ‘हजर, बाई.’

बाईंनी मान तिरकी केली. ‘तू कशाला उभा राहिलास? तू वीस. बस खाली. दुसऱ्याची हजेरी लावायची खोड अजून गेली नाही तुझी.’

वर्ग खो खो हसला. साहेब कान पकडून खाली बसले. हसू विरलं, आणि बाई अजून वाट बघत होत्या.

‘एकोणीस कुठे आहे?’

मी हातातला कागद बघितला. त्यावर एकोणीसची बातमी नव्हती. गैरहजर म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज आला तो वेगळाच.

‘हजर,’ मी म्हटलं.

बावीस माना मागे वळल्या. बाईंची नजर माझ्यावर येऊन थांबली. ‘मग उभी काय आहेस दारात? पुढे ये. आज तुझा पाठ आहे.’

सत्तावीस वर्षांचं ‘अहो’ गेलं होतं. मला ‘तू’ म्हणाल्या त्या. बाई त्या वर्षात होत्या की या वर्षात, हे मला आजही सांगता यायचं नाही. त्यांनी वही मागितली, कुणीतरी डायरीतलं कोरं पान उघडून दिलं, आणि त्या सावकाश चालत शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. प्राचार्य माझ्या कानाशी आले. ‘बाईंचा गोंधळ झालाय. घरी पोचवायची सोय करू या का?’

‘सर, वर्ग सुरू आहे. गप्प बसा,’ मी म्हटलं. हे मी म्हटलं यावर माझा स्वतःचाच विश्वास बसला नाही. प्राचार्य पहिल्या बाकावर, मोकळी जागा बघून, बसले.

मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: सावली. डस्टर उन्हात उभा केला, त्याची लांब सावली टेबलावर पडली. ‘सकाळी सावली केवढी होती? दुपारी केवढी होती?’ वर्ग बोलायला लागला. सगळे एकदम, हात वर करून, चुकीची उत्तरं मुद्दाम देत. वीसने करंगळी वर केली, ‘ताई, जाऊ?’ ‘नाही,’ मी म्हटलं. अकरा पानी टाचण पानन् पान आठवत होतं. कोणत्या ओळीवर मी थांबले होते तेही आठवत होतं.

त्या ओळीशी आले आणि मी त्यांना खरं ते सांगितलं. ‘इथे एका मुलीने मला विचारलं होतं, रात्री माझी सावली कुठे जाते? टाचणात मी मुलांचे संभाव्य प्रश्न सहा लिहिले होते. हा त्यांत नव्हता. मला उत्तर येत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला इतकी लाज वाटली की मी निघून गेले.’

कुणी हसलं नाही. ऊन फळ्यावर चढलं होतं.

‘नंतर मी ते शोधून काढलं,’ मी म्हटलं. ‘सावली कुठेच जात नाही. रात्र म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. ती इतकी मोठी असते की आपण सगळेच्या सगळे तिच्यात मावतो. त्या मुलीची सावली त्या मोठ्या सावलीत झोपायला जाते.’

बोलून झालं तेव्हा माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही. पहिल्या बाकावर प्राचार्य तोंड उघडं ठेवून बसले होते. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि बाईंनी मागून हात वर करून ती थांबवली. त्यांचं लिहिणं चालू होतं. लिहून झाल्यावर त्या उठल्या, बाकांच्या मधून पुढे आल्या आणि वही डोळ्यांजवळ धरून वाचायला लागल्या.

‘आवाज चांगला. अक्षर उताराला लागतं, सरळ ठेव. वर्ग तुझ्याकडे बघत होता, हे मोठं काम आहे.’ त्यांनी पान खाली केलं. ‘पण उत्तर तूच देऊन टाकलंस. एवढा सुंदर प्रश्न हाती आला होता, मुलांना जरा त्याच्याशी खेळू द्यायचं. नाही जमला पाठ. पुन्हा घ्यावा लागेल.’

वीस पुटपुटला, ‘बाई, आज तरी...’

‘तू बस.’ बाई माझ्याकडेच बघत होत्या. ‘घाबरायचं काही नाही. पुन्हा घेतात सगळे. उद्या येशील?’

उद्या बाईंना या इमारतीत काम नव्हतं. ते तिथे सगळ्यांना माहीत होतं, एकट्या त्या सोडून. प्राचार्यांनी घसा खाकरला. मी नापास झाले होते, आणि इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

‘येते, बाई,’ मी म्हटलं. ‘तुमच्या घरी आले तर चालेल?’

‘घरी? बरं. साडेदहाला. टाचण आण.’ त्यांनी माझ्या दंडावर हलकं थोपटलं, बावीस चेहऱ्यांकडे वळून एकदा बघितलं, आणि म्हणाल्या, ‘वीस.’

त्या संध्याकाळी कार्यालय बंद करण्याआधी मी रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: माझा पाठ आहे.