उमेदवाराची गृहभेट

आमच्या समाजकार्य महाविद्यालयात अनुसूचित जमातीची एक जागा अकरा वर्षं रिकामी होती. दर दोन-तीन वर्षांनी संस्था जाहिरात द्यायची, तीही अशा पेपरात की जो परभणीत शेंगदाणे बांधायलासुद्धा मिळत नाही. मग निवड समिती बसायची, चहा-बिस्किटं व्हायची आणि ‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही’ असं लिहून सगळे सह्या करायचे. मागासवर्गीय प्रतिनिधी म्हणून मीही केल्या, तीन वेळा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणावर तोंड सोडलं तर मला फार शहाणी समजू नका.

मी सुकेशनी खंदारे. एकवीस वर्षं इथे शिकवते. स्टाफरूममध्ये आम्ही आठ जण, त्यांत बौद्ध मी एकटी. कुणी वाईट वागत नाही. वागलं असतं तर भांडता तरी आलं असतं. पण मी आत आले की चाललेलं बोलणं एकदम उन्हाळ्यावर नाहीतर नळाच्या पाण्यावर येतं. कुणाच्या घरच्या साखरपुड्याचे फोटो मला सगळ्यांत शेवटी दिसतात. चौदा एप्रिलच्या भाषणाला मात्र सगळ्यांना पहिली मीच आठवते. घरीही मी एकटीच असते, आई जाऊन चार वर्षं झाली. रविवारी दुपारी कुणाशी तरी बोलावंसं वाटतं, फोनमधली नावं वर-खाली करते आणि फोन ठेवून देते.

बबिता रिठे मला पाथरीच्या एका कार्यशाळेत भेटली. जिंतूरकडच्या डोंगरातली, आंध या आदिवासी समाजाची. नेट पास होऊन एका आश्रमशाळेत तासावर शिकवत होती. त्या कार्यशाळेत एक मोठे वक्ते आदिवासींच्या साधेपणावर पाऊण तास बोलले. बबिता उठली आणि तिनं शांतपणे विचारलं, ‘सर, तुमी आमच्या गावांत मुक्कामाला किती दिवस होता?’ सर पाणी प्याले. मी मागच्या रांगेत बसून इतकी खूश झाले, की तिथल्या तिथं ठरवलं, ही पोरगी आपल्याकडे आली पाहिजे.

ती अर्जाला तयार नव्हती. अशा तीन मुलाखती तिनं दिल्या होत्या. नाव आधीच ठरलेलं असतं, आपण नुसतं संख्या भरायला जातो, असं तिचं म्हणणं. मी महिनाभर फोन करून तिचं डोकं खाल्लं. आदिवासी पोरं आपल्याकडे शिकायला येतात, त्यांच्यापुढं त्यांचं कुणीतरी उभं राहिलं पाहिजे, असं सांगायचे. ते खरंच होतं. पण त्याहून खरं हे, की मला माझ्यासाठी कुणीतरी हवं होतं. मी आत आल्यावर जिचं बोलणं थांबणार नाही अशी एक बाई.

शेवटी तिनं अर्ज केला. मग आमच्या संस्थेचे सचिव माणिकराव यांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्यापुढं तिचा अर्ज उघडा होता. जात वैधता प्रमाणपत्रही लावलेलं होतं.

‘म्याडम, ही पोरगी आदिवासी वाटंना,’ ते म्हणाले. ‘आपल्यासारखंच नेसणं, आपल्यासारखंच बोलणं. उद्या काही लफडं निघालं तर?’

माझं डोकं सणकलं. आदिवासी म्हटल्यावर यांना डोक्यात पिसं खोवलेलं माणूस हवं होतं. तिथंच म्हणायला पाहिजे होतं, की साहेब, कागद समोर आहे, वाचता येत असेल तर वाचा. पण आमच्या धंद्याची एक खोड आहे. प्रश्न कुठलाही असो, आम्ही गृहभेट करतो आणि अहवाल लिहितो. मी तावातावानं म्हणाले, ‘मी स्वतः घर बघून येते आणि लेखी देते.’

पुढच्या रविवारी एसटीनं जिंतूर गाठलं, तिथून जीपनं तिच्या गावी गेले. बबिताला सांगितलं होतं, सहज येते, तुझं घर बघायचंय. तिची आई कडूबाई वाटेवर येऊन थांबली होती. तिनं भाकरी टाकल्या, मला चुलीजवळच पाट दिला आणि बबिता पाण्याला गेली तेव्हा मनातलं सगळं सांगितलं. नवरा पितो. थोरला पोरगा बायकोला घेऊन ऊसतोडीला जातो. आणि बबिताचं सोळाव्या वर्षी लग्न लावलं होतं, ती चार महिन्यांत पायी परत आली आणि सरळ शाळेत जाऊन बसली. ‘हे कुणाला ठाव न्हाई बाई,’ ती म्हणाली. ‘तुमी बहिणीसारख्या वाटल्या म्हून बोलले.’ निघताना तिनं पिशवीभर तुरीच्या शेंगा दिल्या. परतीच्या जीपमध्ये मी खिडकीकडं तोंड करून रडले. इतक्या वर्षांत मला कुणी चुलीजवळ बसवलं नव्हतं.

आणि घरी येऊन मी ते सगळं लिहिलं. आमच्या नेहमीच्या नमुन्यात, वर नाव, वय, जमात, खाली कौटुंबिक पार्श्वभूमी, व्यसन, स्थलांतर, बालविवाह, निरीक्षण, शिफारस. मला वाटलं, हे वाचून दगडालाही पाझर फुटेल. माझं मराठी जरा जास्तच चांगलं आहे. चार पानं झाली. सोमवारी ती माणिकरावांच्या टेबलावर ठेवली.

मुलाखतीच्या दिवशी विद्यापीठाचे प्रतिनिधी आले. त्यांनी नेट, गुण, वैधता बघितली, बबिताला वीस मिनिटं प्रश्न विचारले आणि म्हणाले, यात विचार करण्यासारखं आहेच काय? माझा अहवाल त्यांनी उघडलाही नाही. उघडायची गरजच नव्हती. निवड झाली. मी त्या दिवशी पेढे घेतले आणि आठवड्यात तिच्यासाठी जिंतूर रोडला खोली बघून ठेवली. दोन घरमालकांनी आडनाव ऐकून ‘खोली गेली’ असं सांगितलं, तिसऱ्यानं दिली.

पहिले पंधरा दिवस माझे कसे गेले ते मला विचारू नका. दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. ती पोरांच्या गमती सांगायची, मी मोठ्यानं हसायचे, बाकीचे वळून बघायचे. रविवारी मी तिच्या खोलीवर जायचे. एवढंच. पण एवढंच मला एकवीस वर्षं मिळालं नव्हतं.

मग सेवापुस्तक तयार झालं. पहिल्या पानावर सही करायला दिनकरराव क्लार्कनं तिला आत बोलावलं. तो माणूस कागदाचा पक्का. टेबलावर आलेला प्रत्येक कागद तो टाचणी लावून ज्याच्या त्याच्या फाइलमध्ये घालतो. बबिताच्या फाइलमध्ये माझी चार पानं अर्जाच्या मागं लावलेली होती, ती तिनं तिथंच वाचली. ऑफिसात आणि स्टाफरूममध्ये आधी कुणीकुणी ती वाचली होती ते मला नंतर कळलं. जवळजवळ सगळ्यांनी.

त्या दुपारी ती जेवायला आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं तब्येत असेल. तिसऱ्या दिवशी मी तिला जिन्याजवळ गाठलं. तिच्या हातात हजेरीपट होता आणि चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

ती म्हणाली, ‘मॅडम, तुमी माझ्या घरी आल्या तेव्हा मला वाटलं, कुणीतरी पाहुणं आलंय. तुमी तर केस बघायला आल्या होत्या.’

मी बोलायला लागले. माणिकराव काय म्हणाले ते, मी किती भांडले ते, हे सगळं तुझ्यासाठीच केलं ते. बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं. माझ्यावर कुणी असं लिहिलं असतं तर मी कॉलेज डोक्यावर घेतलं असतं. शेवटी एवढंच म्हणाले, की चुकले, ते कागद मी आजच फाइलमधून काढून घेते.

‘काढा,’ ती म्हणाली. ‘पण सगळ्यांचं वाचून झालंय. आता मी वर्गातून स्टाफरूममधी आले की समदे गप बसतात. तुमाला म्हाईतच हाय ते कसं असतंय.’

मला माहीत होतं. माझ्याइतकं त्या इमारतीत ते कुणालाच माहीत नव्हतं. तो एकटेपणा मीच माझ्या हातानं लिहून तिच्या नावावर केला होता. पोरं आमच्यामधून वर-खाली जात होती, काहींनी तिला नमस्कार केला. नोकरी सोडणार का, हे विचारायचं धाडस मला होत नव्हतं. ते तिला कळलं असावं.

‘मी जाणार न्हाई,’ ती म्हणाली. ‘नोकरी माझ्या मार्कावर मिळालीय. शिकवणार.’ मग म्हणाली, ‘फक्त एक सांगा. आई रोज फोनवर विचारती, त्या बाई परत कवा येणार हायत. तिला काय सांगू?’

तासाची घंटा झाली. ती तरीही उत्तराची वाट बघत थांबली, मग वर्गात गेली.