वरची कडी

वर्लिन कोस्तालच्या चेरोकी विमानाला दार एकच, उजव्या अंगाला, आणि त्या दाराला कड्या दोन. एक बाजूला, एक वर छताशी. बाजूची लावायला कुणी विसरत नाही. वरची विसरतात. ती राहिली की विमानानं जमीन सोडली न सोडली तोच दार फटकन तीन बोटं उघडतं, कानठळ्या बसतात, कागद उडतात आणि नवख्याची पाचावर धारण बसते. खरं तर घाबरण्यासारखं काही नसतं. वारा स्वतःच दार दाबून धरतो, माणूस काही बाहेर पडत नाही, विमान उडत राहतं. आपण मुकाट्यानं एक फेरी मारायची, उतरायचं आणि मग दार लावायचं. हवेत असताना त्याला हात घालायचा नाही.

वर्लिन हे नुसतं तोंडानं शिकवत नसे. विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकट्यानं सोडायच्या आधी तो उजव्या सीटवर बसून हवापाण्याच्या गप्पा मारत वरची कडी मुद्दाम अर्धीच फिरवायचा. ज्याचा हात दाराकडे गेला, त्याला आणखी महिनाभर थांबावं लागे. मग तो बँकेचा मॅनेजर असो नाही तर पाद्र्याचा पुतण्या. गेली एकोणीस वर्षं हेच चाललं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी मार्ना गेली. त्याची एकुलती एक मुलगी, चोवीस वर्षांची. तिला त्यानंच उडायला शिकवलं होतं. हवेत दार उघडलं की काय होतं, हे मात्र तिला कधी दाखवलं नाही. लाडाची लेक, उगीच घाबरेल. एका एप्रिलमध्ये ती एकटी उडाली, दार उघडलं, आणि डाव्या सीटवरून आडवी होऊन ती ते ओढायला गेली. विमानाचं नाक वर गेलं, वेग संपला, आणि धावपट्टीपलीकडच्या मक्याच्या रानात ते पडलं. दफनानंतर चर्चच्या तळघरात सगळे कॉफीचे कप घेऊन उभे असताना वर्लिन म्हणाला, "शंभरदा सांगितलं होतं. हात घातला म्हणून मेली."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगीच नाही. त्याची बायको ग्लेनिस शेजारीच उभी होती. तिनं कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. वर्षाच्या आत ती ॲरिझोनाला बहिणीकडे राहायला गेली. भांडण नाही, घटस्फोट नाही. निघताना म्हणाली, "तिच्यावरचा राग गेला की फोन कर. त्याआधी नको."

राग काही गेला नाही. खोटंच सांगावं, असं त्याच्या मनात कितीदा आलं. पण ग्लेनिसला त्याचं खोटं 'हॅलो'मध्येच कळलं असतं. मग तो हँगरमधल्या खोलीत डब्यातलं सूप गरम करून खायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. भिंतीवर विद्यार्थ्यांच्या शर्टांचे तुकडे टांगलेले. पहिल्यांदा एकटं उडून आलं की गुरू शिष्याच्या शर्टाची मागची शेपटी कापतो आणि नाव-तारीख घालून टांगतो, अशी रीत. एकतीस तुकडे होते. मार्नाचा पिवळा तुकडा खिळ्यावर उलटा, भिंतीकडे तोंड करून होता. तिचं नाव वाचलं की तिच्याशी भांडावंसं वाटे. एकट्या माणसाला भांडायलासुद्धा कुणीतरी लागतं.

आताची शिष्या लवॉन सेडलाचेक, वय वर्षं त्रेपन्न. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवत होती, आवाज अख्ख्या तालुक्यात प्रसिद्ध. एप्रिलमधल्या त्या शनिवारी ती खसखस भरलेल्या कोलाचींचा, म्हणजे गोड पावांचा, डबा घेऊनच आली.

"खा मास्तर. वाऱ्यानं उडून जाल एक दिवस."

"वारा आहेच आज. दोन फेऱ्या मारू, बस्स. तुला एकटीला सोडायचं नंतर बघू."

"नंतर म्हणजे? कापायला म्हणून मुद्दाम जुना शर्ट घालून आलेय मी!"

"मग उद्या पुन्हा तोच घाल."

एवढ्या वाऱ्यात दाराची परीक्षा नको, असं वर्लिननं मनाशी ठरवलं होतं. म्हणून आज त्यानं दार ओढलं, बाजूची कडी लावली, वरचीही फिरवली. निदान त्याला तसं वाटलं. पण एकोणीस वर्षं जो हात ती कडी अर्धीच ठेवत आला, त्यानं आजही अर्धीच ठेवली, आणि डोक्याला त्याचा पत्ता नव्हता.

लवॉननं विमान उचललं. जेमतेम दोनशे फूट वर गेले असतील, तेवढ्यात दार उघडलं.

आवाज बंदुकीसारखा झाला. वारा कानात घुसला, वर्लिनची टोपी मागं उडाली, आणि त्याचा उजवा हात दाराकडे गेला. त्यानं नेला नाही, गेला. हात वरपर्यंत पुरेना म्हणून तो उठल्यासारखा झाला आणि आधाराला डाव्या हातानं समोर जे मिळालं ते पकडलं. समोर होतं त्याच्या बाजूचं सुकाणू. ते ओढलं गेलं. नाक वर चढलं, वेगाचा काटा उतरू लागला, इशाऱ्याचा भोंगा केकाटला.

"हात आत!" लवॉन ओरडली. सव्वीस वर्षं खिडकीबाहेर लोंबणाऱ्या पोरांवर ओरडायची, अगदी तशी. "हात आत, मास्तर! दोन्ही हात मांडीवर! आत्ता!"

त्याचे हात मांडीवर आले. तिनं सुकाणू पुढं रेटलं, नाक खाली आलं, भोंगा थांबला. दार खडखडत राहिलं. तिनं त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. शांतपणे फेरी पुरी केली आणि त्या वाऱ्यातही विमान सरळ धावपट्टीवर टेकवलं.

इंजीन बंद झाल्यावर मोकळं दार हळूच कुरकुरलं.

"झाले का मी पास?" लवॉननं विचारलं.

"कशात?"

"आता वेड पांघरून पेडगावला नका जाऊ. तुम्ही दार उघडता, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. तुमच्याकडे शिकायला यायच्या आधी प्रत्येकाला कुणीतरी सांगतंच, म्हातारा दार उघडेल, तू हात लावू नकोस."

वर्लिन तिच्याकडे बघतच राहिला. "प्रत्येकाला?"

"जवळजवळ. आणि तुम्हाला कोण सांगणार? मार्नाचं सगळ्यांना माहीत आहे." ती जरा ओशाळली, मग हसली. "पण आजचं सोंग झकास वठवलंत हं. सुकाणू ओढणं वगैरे. माझा जीव खाली-वर झाला."

"मी सोंग नव्हतं केलं, लवॉन."

तिचं हसू गेलं. तिनं त्याच्या मांडीवरच्या हातांकडे बघितलं. तिनं ठेवायला सांगितले होते तिथंच ते अजून होते. तिनं मागच्या सीटवरचा कोलाचींचा डबा त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाली, "मी बाहेर थांबते. हवं तेव्हा उतरा." दार एकच, तेही त्याच्या बाजूला, म्हणून त्याचे गुडघे ओलांडून ती कशीबशी उतरली.

तो बराच वेळ बसून राहिला. एकोणीस वर्षांत दार त्याच्या नकळत एकदाही उघडलं नव्हतं. दर वेळी त्यानंच उघडलेलं, आणि मग दुसऱ्याचा हात हलतो का, हे तो ऐटीत बघत बसायचा. आज त्याच्या नकळत उघडलं, तेव्हा डोक्यातलं सगळं ज्ञान बाजूला राहिलं आणि हात निघून गेला. मार्नाचा गेला तसाच. तिनं त्याचं ऐकलं नव्हतं, असं नाही. तिला विचार करायला वेळच मिळाला नव्हता. तिला सावरणारं, "हात आत" म्हणून ओरडणारं शेजारी कुणी नव्हतं. पोर एकटी होती.

तो रडला. मग खाली उतरला, हँगरमध्ये जाऊन पिवळा तुकडा सुलटा केला, नावावरची धूळ बोटानं पुसली आणि फोन घेऊन बाहेर आला. नंबर पाठ होता.

"हॅलो?" ग्लेनिसचा आवाज म्हातारा झाला होता.

"मी बोलतोय. आज दार उघडलं." वारा फोनमध्ये घुसत होता. "माझाही हात गेला, ग्लेनिस. माझाही गेला."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "वाऱ्यात उभा आहेस ना? काही धड कळत नाहीये. आत जाऊन बस, आणि मला पहिल्यापासून सांग."