सीलबंद सर्व्हिसिंग

बाबांनी उभी हयात वजनमापांचा निरीक्षक म्हणून काढली होती. दुकानदाराने तोलताना मारलेली दांडी त्यांना पायरीवरूनच दिसायची, आणि जिथे दिसायची नाही तिथे ती सापडेपर्यंत ते हलायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर हातातले तराजू गेले, संशय तेवढा उरला. रिकामा संशय घरात किती दिवस बसणार? तो गाडीत जाऊन बसला.

त्या दिवशी गाडी सर्व्हिसिंगला द्यायची होती. बाबा सकाळपासून बॉनेटमध्ये डोकं खुपसून उभे होते. निवृत्त होताना लोक ऑफिसातून घड्याळ घेऊन येतात. बाबा सील मारायची पक्कड, तारेचं भेंडोळं आणि शिशाच्या गोळ्यांची पिशवी घेऊन आले होते. एअर फिल्टरचा डबा, प्लगांवरचं आवरण, इंजिनाच्या पट्ट्याचं झाकण, ब्रेक ऑइलच्या बाटलीचं बूच – जिथे तार ओवता येईल तिथे ओवून त्यांनी गोळी दाबली होती. वर्षानुवर्षं जिथे सील होतं तिथे ते अंगठ्याने चाचपून बघत होते.

"टॉर्च नीट धर," ते लेकीला म्हणाले. "तू साक्षीदार. काय दिसतंय?"

"सगळी सीलं शाबूत."

"म्हणजे काय होणार?"

"म्हणजे गॅरेजवाल्याने आपला चांगला माल काढून जुना घातला, तर आपल्याला कळणार."

"शाब्बास. कॉलेजात शिकवून शिकवून डोकं गेलं असेल असं वाटलं होतं मला."

ती हसली. बाबांच्या तोंडून कौतुक असंच यायचं, चार आणे कमी तोलून.

गॅरेजचा मालक दारातच हात पसरून उभा होता. "या या, सीलसाहेब! चहा सांगू?"

"चहा बिलात लावतोस तू."

"तुमच्याकडून घेईन का मी?"

"घेऊन बघ."

संध्याकाळी गाडी परत घेताना बाबांनी पुन्हा बॉनेट उघडलं. एकेक सील तपासलं. एकही तार हललेली नव्हती. त्यांनी पैसे असे मोजून दिले की जणू मालकाला धूळ चारली होती.

"बघितलंस?" रस्त्याला लागल्यावर ते म्हणाले. "काही काढायची हिंमत नाही झाली लेकाला."

आणि घराच्या वळणावर गाडी ओरडली. कुई.

बाबांनी पाय उचलला. पुन्हा दाबला. कुईईई.

"सकाळी होता हा आवाज?"

"नव्हता."

"झालं! सर्व्हिसिंग कशाला म्हणतात हे लोक? पुढच्या दुरुस्तीची पेरणी असते ती. एक दुखणं काढायचं, दुसरं घालायचं, म्हणजे गिऱ्हाईक आपल्या पायांनी परत येतं. उद्या बघतो त्याच्याकडे."

उद्याच्या विचारानेच त्यांचा चेहरा उजळला होता. जेवताना ते भांडणाची वाक्यं जुळवत होते, मधूनच एखादं लेकीला म्हणून दाखवत होते. "'दांडी मारणाऱ्यांना मी तुरुंगात पाठवलंय', हे आधी घेऊ की नंतर?"

"नंतर घ्या. शेवटी उठून दिसेल."

भांडण ठरलं की बाबांना झोप छान लागायची. तशीच लागली. सकाळी ते उठलेच नाहीत.

भेटायला माणसं आली तेव्हा काकांनी कोचाच्या मधोमध बसून निकाल देऊन टाकला. "गॅरेजवाल्यानेच घेतला दादाचा जीव. त्या आवाजाचा धसका घेतला त्याने." दादाकडे काका कित्येक महिन्यांत फिरकले नव्हते, पण धसका कशाचा होता हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. इतर मंडळींनी माना डोलावल्या. कोणावर तरी बिल फाडलं की दुःखाचं ओझं जरा हलकं होतं.

डॉक्टर मात्र तिला बाजूला घेऊन हळूच बोलले. "हृदयाचं होतं. मी तपासण्या लिहून दिल्या होत्या. 'लॅबवाला तुम्हाला किती टक्के देतो', असं विचारलं त्यांनी मला. माझं रक्तदाबाचं यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलं, तेही विचारलं."

"घेतलं होतं का?" तिच्या तोंडून निघून गेलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि चपला शोधायला लागले.

पुढे बरेच दिवस गाडी जागची हलली नाही. मग एका सकाळी तिने किल्ली फिरवली. कुई. आवाज तसाच होता, ताजा, कालच्यासारखा. ती स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत राहिली. जन्मभर बाबांचे संशय लोकांनी हसण्यावारी नेले होते, मान डोलावता डोलावता तीही मनातून हसली होती. आता तिला एवढंच हवं होतं की शेवटचा तरी खरा निघावा. गॅरेजवाल्याने मुद्दाम काहीतरी केलंय, हे सिद्ध करायचंच असा निश्चय करून ती निघाली.

मालक तिला बघून उठला. चेहरा त्याने तयार ठेवला होता. "कळलं, ताई. फार वाईट झालं. सीलसाहेबांसारखं गिऱ्हाईक..." एवढं म्हणून त्याने खुर्ची पुढे सरकवली.

"गाडी ओरडतेय. तुमच्याकडे द्यायच्या आधी ओरडत नव्हती."

"जुनी झाली ना, ताई. आवाज करणारच."

"काय काय केलं होतंत तुम्ही?"

त्याने पाढा म्हणावा तसं म्हणून टाकलं. "फिल्टर साफ, प्लग साफ, ब्रेक ऑइल बदललं, पट्टा तपासला."

तिने बॉनेट उघडलं. सीलं जिथल्या तिथे होती. प्रत्येक गोळीवर बाबांच्या पकडीचा ठसा होता. इतक्या वेळा तिने टॉर्च धरून ती बघितली होती आणि शाबूत म्हणून सांगितलं होतं. आता ती वाकली ती वाकलेलीच राहिली.

"फिल्टर साफ केलात?"

"चकाचक."

"डब्याचं सील न तोडता?"

मालकाने खिशातून फडकं काढून स्वच्छच असलेले हात पुसायला घेतले.

"आणि पट्टा? झाकणाला तार तशीच आहे. दिव्यदृष्टी आहे का तुम्हाला?"

"तुमच्यापासून काय लपवायचं, ताई," तो शेवटी म्हणाला. "पहिल्या वर्षी एक सील तोडलं होतं आम्ही. साहेबांनी भर गॅरेजात माझी अशी लाज काढली की तेव्हापासून कशाला हातच लावला नाही. सीलं शाबूत दिसली की साहेब खूश. मग म्हटलं, आपणही खूश."

"मग इतकी वर्षं बिल कशाचं घेत होता?"

"ऑइल बदलायचो की! आणि इंजिन धुऊन द्यायचो. लखलखीत." पुढचं तो जरा खालच्या आवाजात बोलला. "त्या दिवशी गाड्या धुवायचा नवा पंप आणला होता. जोर जास्त असतो त्याला. पाण्याबरोबर माती शिरली असणार झाकणातून. पट्टा कधीचा सुकलेला, ओरडणार नाही तर काय करेल?"

म्हणजे बाबांचं खरं निघालं. आवाज गॅरेजनेच घातला होता, इतक्या वर्षांत मनापासून केलेल्या एकुलत्या एका कामातून. आणि चोराने काही उघडू नये म्हणून बाबांनी जी तार बांधली, तिच्या जिवावर चोर बसल्याजागी पैसे खात होता. दार लावून घेतलं होतं, चोर मात्र पगारावर ठेवला होता. हवं होतं ते तिला मिळालं होतं, आणि ते कुठे ठेवावं हे कळत नव्हतं.

"पक्कड द्या," ती म्हणाली.

"मुलगा करेल, ताई, हात काळे होतील."

"द्या."

तिने पहिली तार कापली. गोळी इंजिनाच्या कपारीत टणकन पडली. मग दुसरी. फिल्टरचं झाकण जागचं हलेना. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा निघालं. आतली जाळी धुळीने पार बुजली होती. एवढ्याशा फटीतून ही गाडी इतके दिवस श्वास घेत होती आणि बाहेरून लखलखत होती. बाजूला मालक जीभ चावून उभा होता. तिने जाळी हातात धरली.

"मला तुमचा राग आलाय, बाबा," ती म्हणाली. चांगलं मोठ्याने.

मालक दचकला. "माझा म्हणताय ना, ताई?"

"तुमच्याकडे मग बघते." तिने मान वर केली नाही. "तुमचा राग आलाय मला, बाबा. कोणालाच हात लावू दिला नाहीत. एकदा तरी उघडून बघू दिलं असतंत, तर आज या माणसाशी भांडायला तुम्ही आला असतात."