दोन पिसारे

वर्लिन टॅकेट गेली एकोणीस वर्षं लोकांना एकच गोष्ट शिकवत आला होता : जंगलात टर्की पक्ष्यासारखं दिसू नका. वर्ग चर्चच्या तळघरात भरे, शनिवारी, डोनट आणि पातळ कॉफीच्या साक्षीनं, आणि शिकारीचा परवाना हवा असलेल्याला तो पुरा करावाच लागे. लाल, पांढरा आणि निळा हे अमेरिकन झेंड्याचे तीन रंग चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, हवे तितके मिरवा, वर्लिन सांगे, एप्रिलात नको. नर टर्की रंगात आला की त्याच्या डोक्यावर हेच तीन रंग चढतात, आणि देशभक्त कोण नि टर्की कोण हे चाळीस पावलांवरून छर्ऱ्यांना कळत नाही. हे वाक्य तो दर वर्षी म्हणे आणि वर्ग दर वर्षी हसे.

दुसरी गोष्ट तो न हसता सांगे. सरकारी जंगलात पक्ष्यांना भुलवायला पिसारा फुलवलेला नकली नर लावायचा नाही. नकली मादी लावा, चालेल. पण नराला खऱ्या पिसांची शेपटी लावून ठेवलीत, तर दुसरा एखादा शिकारी त्याला खरा समजून सरपटत येणार, आणि तुम्ही बसलेले असणार बरोब्बर त्या नराच्या मागे.

एप्रिलातल्या त्या सोमवारी पहाटे वर्लिनच्या गोणीत नेमका तसलाच नर होता.

"गोणीत काय आहे?" नेडीननं स्वयंपाकघरातून विचारलं. तेहतीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला झोपेतही गोणीचा आवाज ओळखू येतो.

"सामान."

"सामानाला शेपटी आहे."

"तू झोप ना."

"हे लावू नका म्हणून तूच शिकवतोस ना रे?"

"ते नवशिक्यांसाठी."

"असं होय. तू शिकलास की सांग हं. फ्रीझरमध्ये जागा करून ठेवते."

बोलणं लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. तीन वसंत गेले, वर्लिनला एकही टर्की मिळाली नव्हती. विद्यार्थी मात्र मेलेल्या पक्ष्याचा पिसारा पसरून, मागे गुडघे टेकून काढलेले फोटो पाठवायचे. खाली लिहिलेलं असायचं, 'मास्तर, सगळी तुमची कृपा.' तीन वर्षं ही कृपा त्यानं सोसली. मार्चमध्ये त्यानं दाराला कडी लावून दुकानदाराच्या यादीतला सगळ्यात महागडा नर मागवला आणि जुन्या शिकारीतली खरी शेपटी त्याच्या पार्श्वभागात खोचली.

उजाडताना तो ओझार्क डोंगरांतल्या एका दरीत ओकच्या जाड बुंध्याला पाठ टेकून बसला होता. बुंधा खांद्यांहून रुंद असावा, हा त्याचाच नियम. मागून येणारे छर्रे अडतात. पुढून येणाऱ्यांचं काय, हे नियमात नव्हतं. वीस पावलांवर नकली मादी मान खाली घालून उभी होती आणि तिच्याशेजारी नर, पिसारा ताठ, डोकं भडक. वाऱ्याची झुळूक आली की शेपटी जराशी हले आणि वर्लिनला स्वतःलाच क्षणभर शिकार आल्यासारखं वाटे. इथे माणूस आहे याची खूण म्हणून झाडाला बांधायची नारिंगी पट्टी पिकअपमध्येच राहिली होती. म्हणजे त्यानंच ती राहू दिली होती. टर्कीला रंग दिसतात.

त्यानं रबराची चकती टाळूला चिकटवली. पोस्टाच्या तिकिटाएवढी, पातळ, घोड्याच्या नालाच्या आकाराची. जिभेनं दाबून श्वास सोडला की मादीची हाक निघते. वर्लिनची मादी जरा पडसं झाल्यासारखी ओरडे, पण आज त्याला समोरच्या कड्यावरून उत्तर आलं. नराची घुमणारी गर्जना. एकदाच. मग शांतता.

अर्ध्या तासानं उताराच्या काठावर पिसारा दिसला.

वर्लिनच्या कानात रक्त धडधडू लागलं. पंचेचाळीस पावलं. पिसारा थांबे, तिरका होई, पुन्हा चार बोटं पुढे सरके. नकली नर पाहून भांडायला येणारा नर असाच येतो. गुडघ्यावरची बंदूक वर्लिननं केसाकेसानं उचलली. पिसाऱ्याच्या मध्ये लाल डोकं दिसलं. अंगठ्यानं त्यानं सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी खिट्टी, काढली. डोकं जरा खाली झालं, गवताआड गेलं, पुन्हा वर आलं. बोट चापावर आलं, चाप थोडा मागे आला, श्वास अर्धा सुटला.

तेवढ्यात पिसाऱ्याच्या डाव्या कडेनं एक कोपर बाहेर आलं.

टर्कीला कोपर नसतं. हे वर्लिनला पूर्णपणे कळायला जो वेळ लागला, तो पुढे आयुष्यभर त्याला पुरणार होता. त्याचं बोट चापावरून उठलं आणि हवेतच राहिलं. माणूस होता. लाल नकली डोकं लावलेला पिसारा हातात धरून, त्यामागे लपून, पोटावर सरपटत माणूस येत होता. त्याला पुढे दिसत होता वर्लिनचा नर. आणि नराच्या बरोब्बर मागे, वीस पावलांवर, वर्लिन.

पिसाऱ्याखालून काळी नळी पुढे आली.

आता नियम. असं झालं तर हलायचं नाही, हात तर मुळीच हलवायचा नाही; पानांआडून हललेला हात म्हणजे पंख. मोठ्यानं, स्पष्ट, माणसाच्या भाषेत ओरडायचं. एकोणीस वर्षांत त्यानं हे शेकडो लोकांकडून घोकून घेतलं होतं. वर्लिननं छाती भरून घेतली आणि ओरडला.

मादीची हाक निघाली.

एकोणीस वर्षांच्या अभ्यासक्रमात तोंडातल्या चकतीबद्दल एक ओळ नव्हती. पिसारा जागच्या जागी थबकला. मग खुशीनं थरथरला आणि झरझर तीन पावलं पुढे आला.

वर्लिननं जीभ वळवली. चकती जिभेनं सोडवून थुंकायची, सोपं काम. रोज पन्नासदा करतो. पण तोंडात थुंकी नव्हती. भीतीनं जीभ चामड्यासारखी झाली होती आणि चकती टाळूला कोरड्या डिंकासारखी बसली होती. हात वर नेला असता तर दोन सेकंदांत निघाली असती. हात नेता येत नव्हता. बंदूक खाली ठेवता येत नव्हती. त्याला स्वतःचं टक्कल आठवलं, पांढरंधोप. गालांत चढलेलं रक्त आठवलं. सॉसेज खायला म्हणून चेहऱ्यावरची जाळी त्यानं मघाशी गळ्यात ओढली होती, आणि नेडीननं दिलेला मफलर निळा होता. वरपासून खालपर्यंत तो आत्ता जंगलातला सगळ्यात रंगात आलेला नर होता.

"थांब," तो म्हणाला. जंगलात ऐकू आली ती गोड, आर्जवी, जोडीदारासाठी झुरणारी मादी. इतकी सुरेख हाक त्याला आयुष्यात जमली नव्हती.

नळी स्थिर झाली. नळीमागे एका चष्म्याची काच चमकली. चष्म्यामागचा माणूस सावकाश, नियमाप्रमाणे, नीट नेम धरतोय, हे वर्लिनला दिसत होतं. हे आपणच शिकवलंय, असा एक विचार मनात येऊन गेला. दुसरा विचार नेडीनचा होता. तिसऱ्याची वाट न पाहता त्यानं आतड्यांपासून श्वास ओढला, किंकाळी फोडण्यासाठी, आणि ओढलेल्या त्या श्वासाबरोबर चकती सुटली आणि घशात गेली.

वर्लिन घुसमटला. घुसमटलेल्या माणसाला स्थिर राहता येत नाही. बंदूक टाकून तो उजव्या कुशीवर कोसळला, आणि त्याच क्षणी बार झाला. नकली नराचं डोकं उडालं. ओकची साल वर्लिनच्या कानावर तुकड्यातुकड्यांनी पडली.

धावत येणाऱ्या बुटांचा आवाज आला. टर्की पडली की धावत जाऊन तिच्या मानेवर पाय द्यायचा असतो, नाहीतर जखमी पक्षी पळतो. बूट नकली नराच्या मानेवर पडला, फोम दबला, आणि बूट तिथंच थांबला.

"हे काय," कुणीतरी म्हणालं.

मग त्या कुणीतरीला ओकच्या मुळाशी लाथा झाडणारा, निळा पडत चाललेला माणूस दिसला. पुढचं त्या माणसानं न बोलता केलं. वर्लिनला मागून उचललं, बरगड्यांखाली मुठी आवळल्या आणि दाबलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा चकती तोंडातून उडून पालापाचोळ्यात पडली.

"मास्तर?" माणूस म्हणाला. डेलबर्ट यॉन्ट होता तो, गावचा पोस्टमन. चार वर्षांपूर्वी वर्लिनच्या वर्गात परीक्षेत पहिला आलेला. "मास्तर, तुम्ही आहात?"

वर्लिन अजून खोकत होता.

"रक्त कुठं आहे? कुठं लागलंय तुम्हाला?"

"नाही लागलं."

"मग ओरडला का नाहीत?"

"ओरडतच होतो."

डेलबर्टनं चकतीकडे पाहिलं. "त्या तुम्ही होता? मला वाटलं दोन माद्या आहेत. एक जरा आजारी, एक फर्स्टक्लास." मग त्यानं चष्मा काढला आणि बुंध्याजवळ गेला.

ओकच्या सालीत, बसलेल्या माणसाचं डोकं येतं त्या उंचीवर, छर्ऱ्यांची भोकं होती. डेलबर्टनं बोट लावून ती मोजायला घेतली आणि सातनंतर सोडून दिली.

"उद्या टपाल घेऊन तुमच्या दारात जायचंय मला," तो म्हणाला. "नेडीनताईंना काय सांगितलं असतं? बिलं आहेत, एक मासिक आहे, आणि बाकी सॉरी?"

"डेलबर्ट, बस."

"माफ करा मास्तर. सरपटायचं नाही हे पहिल्या दिवशी शिकवलंत तुम्ही. वहीत लिहिलंय मी. खाली दोन रेघा आहेत. देवाशप्पथ, परत बंदुकीला हात लावणार नाही. माफ करा."

त्याचं माफ करा चालूच राहिलं. ऐकताना वर्लिनला बरं वाटू लागलं होतं; एवढं मोठं माफ करायला रोज मिळत नाही. तो बंदूक उचलायला वाकला. सेफ्टीशेजारचा लाल ठिपका उघडा होता, म्हणजे सेफ्टी काढलेलीच होती. हाताशी पडलेल्या भरल्या बंदुकीशेजारी दोघं दहा मिनिटं बसले होते. ठिपका अंगठ्याखाली सहज झाकता आला असता. त्यानं तो झाकलाही.

"माफ करा," डेलबर्ट म्हणाला.

"गप्प बस जरा." वर्लिननं सेफ्टी लावली, काडतुसं काढली. "तू काठावर होतास ना, तेव्हा माझा नेम तुझ्यावर होता."

"म्हणजे?"

"पिसाऱ्यावर. चाप अर्धा मागे आला होता. तुझ्या आधी, बराच आधी."

डेलबर्टनं चष्मा घातला. "मग?"

"कोपर दिसलं."

"कुठलं?"

"डावं."

डेलबर्टनं डाव्या कोपरावर उजवा हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. त्यानंतर त्यानं माफी मागितली नाही. एकदा फक्त विचारलं, "ते दुखतं म्हणून मी बाहेर काढलं. दुखलं नसतं तर?" वर्लिननं खांदे उडवले आणि नकली मादी गोणीत घातली. बिनडोक्याच्या नराला हात लावायची दोघांनाही इच्छा नव्हती.

रस्त्याकडे जाणारी वाट एका माणसापुरती होती, दोन्ही बाजूंनी काटेरी झुडपं.

"तू हो पुढं," वर्लिन म्हणाला.

"नको मास्तर. तुम्ही व्हा."

बंदुका रिकाम्या होत्या. दोघांनी उघडून दाखवल्या. डेलबर्टनं वर्लिनच्या बंदुकीत करंगळी घालून पाहिलं, वर्लिननं डेलबर्टच्या. मग त्यांनी पुन्हा एकदा तसंच केलं. तरी कुणी पुढे होईना.

शेवटी ते शेजारीशेजारी चालू लागले, खांद्याला खांदा घासत. एकाला वाट मिळाली, दुसऱ्याला काटे. निम्म्यावर आल्यावर डेलबर्टची पँट गुडघ्याखाली फाटली आणि त्यानं बाजू बदलायची का म्हणून विचारलं. वर्लिन हो म्हणाला. मग दोघं वाटेत थांबले, एकमेकांकडे तोंड केलं, आणि एकमेकांच्या हातांवरची नजर न काढता, पाठ न वळवता, हळूहळू एकमेकांभोवती फिरले.