रस्त्याची ट्रायल

"माणसाची संस्कृती त्याच्या राजवाड्यांवरून नव्हे, त्याच्या रस्त्यांवरून ओळखावी, आणि त्या रस्त्यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारा नागरिक हाच खरा राजा होय," असं आमचे अध्यक्ष सभेच्या सुरुवातीला म्हणाले. हे ऐकायला सातांपैकी चार राजे हजर होते. उरलेल्या तिघांना खोदलेल्या रस्त्यामुळे पोचता आलं नव्हतं.

आमच्या समितीची हकिकत साधी आहे. बसच्या तिकिटावर थोडा कर बसवायचा आणि त्यातून रस्ते सुधारायचे, असं ठरलं तेव्हा लोकांनी एकच अट घातली होती. काम नीट झालं की नाही हे रस्ते खात्याने सांगायचं नाही, आम्ही सांगू. त्या अटीतून नागरिक देखरेख समिती जन्माला आली. काम पुरं झाल्याच्या दाखल्यावर हजर सभासदांपैकी एकाने जरी सही केली नाही, तरी ठेकेदाराचं शेवटचं बिल निघत नाही. सभासद चिठ्ठ्या टाकून निवडतात. अध्यक्ष मात्र चिठ्ठीतून आलेले नाहीत. ते निवृत्त हेडमास्तर. पहिल्या सभेला आम्ही पोचलो तेव्हा ते मधल्या खुर्चीत बसलेले होते आणि त्यांना उठवायचं कसं हे कुणाला सुचलं नाही. सभेचं इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण पेन माझ्या खिशाला होतं.

दीड वर्षात आम्ही अकरा दाखल्यांवर सह्या केल्या. देखरेखीची पद्धत अशी होती: रस्ते खात्याचे अभियंता साहेब टेबलावर नकाशा पसरायचे, आम्ही चष्मे लावून तो पाहायचो, औषधांच्या दुकानाचे मालक "हं" म्हणायचे, आणि चहा यायचा. नकाशे फार देखणे असत. एकात तर झाडंसुद्धा होती.

मग एका सभासदाची बदली झाली आणि चिठ्ठीतून शिंपीण मावशी निघाल्या.

मावशींचं दुकान मुख्य रस्त्यालाच आहे. दुकान पुढे, घर मागे. गेली चाळीस वर्षं त्यांच्या दुकानातून ट्रायलशिवाय एकही कपडा बाहेर गेलेला नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, मावशी म्हणणार, "घालून दाखवा. हात वर करा. आता खाली बसा." एकदा एका नवऱ्या मुलाने बसायला नकार दिला, तर त्याचा सूट लग्नाच्या दिवशी दुपारपर्यंत दुकानातच राहिला. बोलताना मावशींच्या ओठांत टाचण्या असतात. त्यामुळे त्या मोजकंच बोलतात, आणि ऐकणारा जरा लांबच उभा राहतो.

त्या चार राजांच्या सभेत टेबलावर आला तो मावशींच्याच दुकानासमोरचा रस्ता. नवे फुटपाथ, नवा सिग्नल, आणि रस्ता ओलांडायला दोन्ही बाजूंना फुटपाथवरून खाली येणारे उतार. साहेबांनी नकाशा पसरला. आम्ही चष्मे लावले. औषधवाले "हं" म्हणाले. चहाची किटली दारापर्यंत आली होती.

"ट्रायल कधी झाली?" मावशींनी विचारलं.

"कसली ट्रायल?" साहेब म्हणाले.

"रस्त्याची."

अध्यक्ष हसले. "बाई, रस्ता काय अंगात घालायचा असतो?"

"नाही तर काय? रोज हजार माणसं घालतात तो."

साहेब सभ्य माणूस. त्यांनी पट्टी ठेवून दाखवलं. उताराची रुंदी नियमाप्रमाणे, चढ नियमाप्रमाणे, सगळं नकाशाबरहुकूम. शिवाय घाई होती. फोडायचं यंत्र आणि माणसं उद्या दुसऱ्या भागात जाणार होती, आणि आमच्या रस्त्याची पाळी पुन्हा अकरा वर्षांनी येणार होती.

"कागदावर शर्टही सगळ्यांना बसतो साहेब," मावशी म्हणाल्या. "माझी सही ट्रायलनंतर."

मी इतिवृत्तात लिहिलं: 'एका सभासदाने प्रत्यक्ष पाहणीची सूचना केली.' मग ते खोडलं, कारण सगळे उठून निघालेच होते. चहा तसाच राहिला. समितीच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं.

आता मावशींचा हट्ट कशासाठी होता ते सांगतो. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे सगळ्यांचे दादा, हे जुने पोस्टमन. पस्तीस वर्षं त्यांनी अख्खं गाव पायी पालथं घातलं. तीन वर्षांपूर्वी साखरेच्या आजारात एक पाय गेला, तेव्हापासून चाकांच्या खुर्चीत आहेत. रस्त्याच्या पलीकडे, दुकानाच्या बरोब्बर समोर, वाचनालय आहे. तिथे एक म्हातारे कंपाउंडर रोज बुद्धिबळाचा पट मांडून त्यांची वाट पाहतात. पण फुटपाथच्या कडेवरून खुर्ची उतरवायला आणि पलीकडे चढवायला मावशी लागतात, आणि मावशींना दुपारी अर्धाच तास फुरसत. त्यामुळे दादा हरत असोत की जिंकत असोत, अर्ध्या तासाने डाव मोडतो. तीन वर्षांत एकही डाव पुरा झालेला नाही. "जन्मभर पार्सलं पोचवली," दादा म्हणतात, "आता मीच पार्सल झालोय. न्यायचं आणि परत आणायचं."

सही झाली असती तर दादा आणखी अकरा वर्षं पार्सल राहिले असते. दादांचं वय तेव्हा एकाहत्तर.

आम्ही पोचलो तेव्हा दादा दुकानाच्या दारात स्वच्छ शर्ट घालून तयार बसले होते. "या," ते अध्यक्षांना म्हणाले, "बघा म्हातारा कसा उलटतो ते."

उलटले नाहीत, अडकले. नियमाच्या रुंदीच्या त्या उतारावर सिग्नलचा खांब उभा होता. एका अंगाला उरलेल्या जागेतून खुर्ची जात होती, पण खुर्ची ढकलणारे दादांचे हात जात नव्हते. आणि उतार जिथे रस्त्याला टेकतो तिथे दोन बोटं उंचीची पायरी राहिली होती. पुढचं लहान चाक तिथे थटलं आणि दादा खांबाला नमस्कार घालावा तसे पुढे वाकले.

साहेबांनी नकाशा उलटसुलट केला. "खांब यात नाही," ते म्हणाले.

"रस्त्यात आहे," दादा म्हणाले.

"खांब वीज खात्याचा. त्यांचा नकाशा वेगळा असतो."

"मग दोन्ही नकाशे आमच्या दादावर एकदम घालून बघायला हवे होते," मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. एक बाही दुसरीपेक्षा लांब झाली की त्या अशाच सुरात बोलतात. "माया कुठे सोडलीय यात? शिवणीला लागतं तेवढंच कापड ठेवून कोणी कपडा बेततं का? अंगाभोवती थोडं जास्तीचं लागतं."

खांब हलवायला वीज खात्याला पत्र, त्याचं उत्तर, त्या उत्तराला पत्र. तेव्हा साहेबांनीच तोड काढली. खांब राहू दे, उतारच मोकळ्या अंगाला रुंद करू. उद्या सकाळी फोडू, यंत्र संध्याकाळी हलवू. "कुठपर्यंत फोडायचं तेवढं आखून द्या मावशी," असंही ते म्हणाले. हा माणूस पुढे नाव काढील, असं मला तेव्हा वाटलं. मावशींनी पदराला खोचलेला निळा खडू काढला, दादांना हात ढकलायच्या पवित्र्यात धरायला सांगितलं, आणि नव्याकोऱ्या फुटपाथवर गुडघे टेकून दोन सुबक रेघा आखल्या. पेपर विकणारा पेपर विकायचं विसरून बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा जमलो. या वेळी सातही जण हजर होते, कारण बातमी पसरली होती. उतार रुंद झाला होता, दोन बोटांची पायरी दोन्ही बाजूंना घासून साफ झाली होती. दादा निघाले, खांबापर्यंत मजेत गेले, आणि थांबले. उजव्या हाताची बोटं फुटपाथच्या कडेला खरचटली होती. चार बोटं जागा कमी पडत होती.

मावशी खाली वाकल्या. त्यांच्या दोन रेघांपैकी आतल्या रेघेवर फुटपाथ कापला होता. बाहेरची निळी रेघ तशीच शाबूत होती.

"बाहेरची रेघ का नाही कापली?" त्यांनी ठेकेदाराच्या मुकादमाला विचारलं.

मुकादम आडदांड माणूस. वीस वर्षं त्याने लोकांच्या शिव्या खाल्लेल्या, तो आधीच छाती काढून उभा राहिला. "आतली रेघ कापायची आणि बाहेरच्या रेघेवर पत्रे उभे करायचे, धूळ उडू नये म्हणून. रस्त्याच्या कामात दोन रेघा म्हणजे तेच. कुणालाही विचारा."

मावशींनी दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. त्यांच्या दुकानात दोन रेघा म्हणजे आतली शिवायची आणि बाहेरची कापायची, हे त्यांच्या कटरला झोपेतसुद्धा ठाऊक असतं. मुकादम त्यांच्या दुकानात नोकरीला नव्हता.

त्यांनी ओठांतल्या टाचण्या काढून पदराला लावल्या. टाचण्या काढून बोलताना मी त्यांना प्रथमच पाहत होतो.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "रेघा दोन काढल्या आणि कापायची कोणती ते सांगितलं नाही. लिहा."

शेवटचा शब्द मला होता.

"लिहायची काय गरज?" अध्यक्ष हळूच म्हणाले. "'तांत्रिक कारणामुळे' असं घालू. तसं घालायची पद्धत आहे."

"तांत्रिक नाही, माझ्यामुळे. पुढे कोणी शिंपी समितीवर आला तर त्याला कळायला नको?"

मी लिहिलं. सरकारी कागदावर 'चूक माझी' हे दोन शब्द लिहिताना माझा हात अडखळला, सवय नव्हती ना.

आणि मग जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो, एरवी मी विश्वास ठेवला नसता. असल्या प्रकरणात पुढचे पंधरा दिवस चूक कुणाची हे ठरवण्यात जातात. रस्ते खातं ठेकेदाराकडे बोट दाखवतं, ठेकेदार मुकादमाकडे, मुकादम पावसाकडे. इथे तो सगळा कार्यक्रम अर्ध्या मिनिटात उरकला होता आणि अख्खी दुपार मोकळी पडली होती. मुकादमाला हे उमगायला वेळ लागला. त्याने मावशींकडे पाहिलं, दादांच्या बोटांकडे पाहिलं, छाती पुन्हा जागेवर नेली आणि म्हणाला, "चारच बोटं ना? यंत्र अजून ट्रकवर चढवलेलं नाही मावशी. जेवण नंतर करू."

तो स्वतः यंत्रावर बसला. साहेब बाह्या सरसावून माती ओढायला लागले. औषधवाल्यांनी दुकानातून दादांच्या बोटांसाठी पट्टी आणली, आणि तिचे पैसे मागितले नाहीत. ही गोष्ट मी इतिवृत्तात वेगळ्या परिच्छेदात नोंदवली आहे.

सिमेंट वाळायला एक दिवस गेला. तिसऱ्या ट्रायलला दादांनी खुर्ची उतारावर आणली, खांबाला वळसा घातला, आणि त्यांचे दोन्ही कोपर दोन्ही बाजूंनी ऐसपैस सुटले. लहान चाक रस्त्यावर उतरलं ते कुणाला कळलंसुद्धा नाही. ते सिग्नलला थांबले. मावशींचा हात सवयीने खुर्चीच्या मुठीकडे गेला आणि दादांनी मागे न बघता म्हटलं, "हात काढ."

मावशींनी हात काढला. तो ठेवायचा कुठे हे न कळल्यामुळे त्यांनी अध्यक्षांच्या कोटाची कॉलर सरळ केली.

हिरवा दिवा लागला. तीन वर्षांनी पोस्टमन एकटा रस्ता ओलांडून गेला. पलीकडचा उतार चढला, वाचनालयाच्या दारात क्षणभर थांबला आणि आत दिसेनासा झाला. मावशींनी माझं पेन मागून घेतलं आणि गुडघ्यावर कागद ठेवून दाखल्यावर सही केली. मुकादमाने तोंडावरून रुमाल फिरवला, धूळ बरीच उडाली होती.

कॉलर सरळ झाल्यावर अध्यक्षांना भाषण आवरेना. "मित्रहो," ते म्हणाले, "आज आपण एक उतार नव्हे, एक युग ओलांडलं आहे. परावलंबनाचं युग संपलं. आजपासून या गृहस्थाला कुणाच्याही मदतीची..."

तेवढ्यात पलीकडे वाचनालयाची खिडकी उघडली आणि दादांचं डोकं बाहेर आलं.

"बये," ते म्हणाले, "चष्मा राहिला बघ घरी. मशीनवर असेल. तेवढा आणून दे."