डावीकडं ऊस हाय

मी डावा बूट बोलतोय. हो, डावाच. उजव्याचं कौतुक ऐकायला आला असाल तर त्यालाच विचारा, तो दिवसभर सांगत बसेल. माझी मात्र आजवर कुणी विचारपूस केली नाही, म्हणून मी आपणहून सांगतोय.

आम्ही दोघं भाऊ एकाच कारखान्यात, एकाच दिवशी जन्मलो. आमच्या भागात कारखाना म्हटलं की माणसाला साखरच आठवते, म्हणून सांगून ठेवतो, बुटांचा कारखाना. पातळ कागदात गुंडाळून, खोक्यात घालून आम्हाला बारामतीच्या दुकानात आणलं. तिथून लासुर्ण्याच्या प्रतिक्षानं आम्हाला उचललं. नववीतली पोर, अंगानं काटक, स्वभावानं हट्टी. सोबत तिचे आजोबा होते, कुंडलिकआबा.

दुकानदारानं विचारलं, "नातवाला का?"

"न्हाय, नातीला. इंदापूर तालुक्याच्या टीममधी हाय ती. मधी खेळती."

"मधे म्हणजे?"

"म्हंजी समदा खेळ तिच्यापशी येतो आन् तिच्यापसनंच फुडं जातो. मिडफिल्ड का काय म्हंत्यात त्याला." बोलताना आबांची छाती फुगली होती. माझीही फुगली असती, पण बुटाला छाती कुठली!

हा आनंद फार टिकला नाही. पहिल्याच दिवशी कळलं की सगळी कामं उजव्याची. बॉल अडवायचा उजव्यानं, पास द्यायचा उजव्यानं, गोल मारायचा उजव्यानं. मी काय करायचं? तर उभं राहायचं. उजवा हवेत गेला की पोरीचं सगळं वजन अंगावर घ्यायचं, बस्स. लग्नात सगळे जेवत असताना आहेरावर लक्ष ठेवायला बसवलेल्या पाहुण्यासारखी माझी गत. बॉल चुकून माझ्यासमोर आला तरी ही बया त्याला वळसा घालून उजव्याकडं घ्यायची. तेवढ्यात समोरची पोरगी बॉल घेऊन पसार. उजवा मला वर म्हणायचा, "तू आपला आराम कर." असा राग यायचा मला!

दिवाळी झाली आणि बारामतीच्या मुलींशी सरावाची मॅच ठरली. त्या पोरी महाहुशार. थोड्याच वेळात त्यांनी ओळखलं की ही उजवीकडंच वळते. मग काय, एक जण हिच्या उजव्या खांद्याला जी चिकटली ती चिकटलीच. प्रतिक्षाला बॉल मिळायचा, ती उजवीकडं वळायची आणि बॉल गायब. डावीकडं आमची फॉरवर्ड श्रेया एकटीच हात वर करून बोंबलत होती, "प्रतिक्षे, हिकडं! आगं, हिकडं बघ की!" हिनं मान म्हणून वळवली नाही.

शेवटी अविराज सरांनी तिला बाहेर बोलावलं. हे टीमचे कोच. मनानं मऊ, तोंडानं फटकळ. "पळण्यात तुझ्या खोट नाही," सर म्हणाले. "पण बॉल यायच्या आधी आजूबाजूला बघत नाहीस. आला की वेळेवर सोडत नाहीस. आणि डावा पाय तर तू घरीच ठेवून येतेस. का गं, डावीकडं का वळत नाहीस कधी?"

प्रतिक्षा घामाघूम, रडवेली. तिच्या तोंडून पटकन निघून गेलं, "सर, डावीकडं ऊस हाय!"

सगळी टीम खो खो हसत सुटली. बारामतीचं ते सपाट ग्राउंड, तिथं ऊस औषधालासुद्धा नव्हता. प्रतिक्षाही हसली, आणि हसता हसता तिचं तिलाच उमगलं.

मला तर कधीचं माहीत होतं. तिच्या घरामागं एक पडीक पट्टा आहे. गोठ्याची भिंत हाच तिथला गोल. दुसरा गोल नाहीच, त्यामुळं तोंड कायम भिंतीकडं. उजव्या हाताला मोकळं रान आणि डाव्या हाताला आबांचा ऊस, डोक्याच्या वर गेलेला. बॉल उसात गेला तर ज्यानं मारला त्यानंच काढायचा. उसाची पात अंग कापते, आत साप निघतो, आणि बिबट्या दिसल्याची आवई तर सारखीच उठलेली. लहानपणापासून ती तिथंच खेळली. पाय राहू द्या, तिची नजरसुद्धा डावीकडं जायची नाही.

सर काही हसले नाहीत. म्हणाले, "जिल्ह्याच्या स्पर्धेत हीच बारामती पुन्हा समोर येणार आहे. तोवर डावं जमलं तर मधे खेळशील. नाही जमलं तर बाकावर बसशील."

बाकावर! प्रतिक्षाला ते जिवावरचं वाटलं.

पुढं काही दिवसांतच ऊसतोडीची टोळी आली आणि आबांचा ऊस गेला. डावीकडचं रान पार कॅनॉलपर्यंत उघडं पडलं. मी म्हटलं, चला, फळफळलं नशीब! प्रतिक्षानं भिंतीवर बॉल मारला. बॉल परत आला. आणि बया उजवीकडं वळली! पुन्हा मारला, पुन्हा उजवीकडंच. ऊस कारखान्यात जाऊन त्याची साखर झाली, पण हिच्या डोक्यात तो उभाच होता.

ती मटकन खाली बसली. डोळ्यांत पाणी आलं. मग तशीच उठली आणि आबांकडं गेली.

"आबा, ट्रॉली रिकामी हाय का?"

"हाय की. का गं?"

"माझ्या उजव्या हाताला आणून लावा. पार चिकटून."

"आगं, येडी का खुळी तू? टकुरं आपटंल!"

"आपटू द्या. येकदा आपटलं की वळंन डावीकडं."

आबांनी हसत हसत ट्रॅक्टर सुरू केला आणि ट्रॉली आणून लावली. तिथून माझं खरं आयुष्य सुरू झालं.

सुरुवात काय विचारू नका. पहिल्या फटक्याला मी बॉलऐवजी ढेकळाला लागलो. दुसरा फटका गोठ्याच्या पत्र्यावर. तिसरा थेट म्हशीच्या गव्हाणीत. सारजाआज्जी शेणाच्या हातानं बाहेर आल्या. "आगं ए भवाने, म्हस आटवतीस का काय माझी?"

आबा म्हणाले, "आगं, नात डाव्यानं खेळाया लागली, बघ तरी!"

"व्हय, बघते. आन् सांच्याला धार बॉलची काढते!"

पण पोरगी हटली नाही. शाळेतून आली की दप्तर फेकून मागं पळायची. अंगठा सुजला, नख काळं पडलं, तरी मला पायात घातल्याशिवाय राहायची नाही. हळूहळू मला बॉल कळायला लागला, कुठं नुसतं टेकवायचं आणि कुठं हाणायचं. मग ट्रॉली काढली आणि आबांना कामाला लावलं. ते टॉवेल हलवत तिच्या मागं उभे राहायचे, कधी या अंगाला, कधी त्या. बॉल भिंतीवरून परत यायच्या आत तिनं मान वळवून आबा कुठं आहेत ते ओरडून सांगायचं आणि बॉल त्यांच्याकडं द्यायचा. पायाला बॉल लागून लागून आबा लंगडायला लागले, पण एक दिवस चुकवला नाही त्यांनी.

जिल्ह्याची मॅच उजाडली. सरांना अजून भरवसा नव्हता, त्यांनी तिला बाहेरच बसवलं. हाफ टाइमपर्यंत बारामती एका गोलनं पुढं. बाकाखाली माझा जीव नुसता वरखाली होत होता. शेवटी सर म्हणाले, "प्रतिक्षा, जा. बघू तुझा डावा."

ती आत गेली आणि तीच जुनी पोरगी हसत येऊन उजव्या खांद्याला चिकटली. बॉल आमच्याकडं यायला निघाला. प्रतिक्षानं आधी मान वळवली. डावीकडं श्रेया मोकळी! मी बॉल अलगद झेलला, ती डावीकडं वळली आणि ती चिकटलेली पोरगी उजवीकडंच धावत राहिली. मी पास दिला, मी! श्रेयानं गोल मारला. "आरं, पास देणारी ही कुणाची पोर म्हणायची?" प्रेक्षकांत कुणीतरी ओरडलं. आबा छाती ठोकून म्हणाले, "माजी नात हाय ती, माजी!"

मग बारामतीच्या दोघी-दोघी तिला घेरायला लागल्या, पण कुठून अडवायचं तेच त्यांना कळेना. उजवीकडं जाते वाटलं की ही डावीकडं, डावीकडं म्हणावं तर उजवीकडं. मॅच संपत आली होती. गोलसमोरच्या गर्दीतून बॉल उडाला आणि बरोब्बर माझ्यासमोर पडला. पूर्वीची प्रतिक्षा असती तर वळसा घालत बसली असती. हिनं तिथंच, होता तसा हाणला. माझा पुढचा टाका तटकन तुटला, तोंड उघडं पडलं, पण बॉल जाळीत! दोन-एक! पोरींनी तिला खांद्यावर घेतलं. सर तर लहान पोरासारखे नाचत होते. आणि उजवा, तोच तो, मला हळूच म्हणाला, "भावा, मानलं तुला."

आज मी इंदापूरच्या स्टँडजवळ सावळाराममामांच्या पुढ्यात आहे. मामा चपला-बूट शिवतात. मामा, एवढं ऐका माझं, दोरा दुहेरी घाला आणि टाका घट्ट मारा. आता विभागाची स्पर्धा आहे, मला घरी बसवू नका.

मामांनी मला उलटंपालटं करून बघितलं. झिजलेला तळ, फाटलेलं तोंड. मग प्रतिक्षाच्या हातातला उजवा बघितला आणि विचारलं, "उजवा तर बरा हाय की गं. डावाच येवढा कसा झिजला? डावरी हायस व्हय तू?"

प्रतिक्षा हसली. "आधी नव्हते, मामा. आता हाय."