रविवारची सतरंजी

मी एक सतरंजी आहे. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, सुती, चांगली लांबरुंद. माझा जन्म तुरुंगात झाला, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कळलं की लोक जरा बाजूला सरकतात.

तुरुंगाच्या विणकामाच्या शेडमध्ये मला गोमाजीनं विणलं. गोमाजी मडावी, समुद्रपूरकडच्या एका खेड्यातला. लग्नाच्या मांडवात भांडण पेटलं, त्याच्या हातून एक माणूस मेला आणि त्याला जन्मठेप झाली. सूत ओढायचं, लोखंडी पंजानं ठोकून घट्ट बसवायचं, हेच काम तो वर्षानुवर्षं करत होता. कामात तो कोणाशी बोलत नसे. त्याची बायको रामबाई वारल्याची खबर आली त्या दिवशीही तो मागावरून उठला नाही. फक्त ठोके जोरात पडत राहिले. माझा एक पट्टा त्यामुळे बाकीच्यांपेक्षा अरुंद आहे.

पुढे बराच काळ मी तुरुंगाच्या विक्री केंद्रात घडी होऊन पडून होते. एक दिवस रीताताई नावाच्या बाई आल्या आणि मला वर्ध्याला घेऊन गेल्या. सेवाग्रामच्या रस्त्यावर, सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे त्यांच्या संस्थेची एक खोली होती. तुरुंगातून सुटलेल्या माणसांनी दर रविवारी दुपारी तिथं जमायचं, आणि आधी सुटलेल्यानं नव्यानं सुटलेल्याला सोबत करायची, असं ते काम होतं. सोबत करणाऱ्याला म्हणायचे सोबती.

पहिला सोबती दारात उभा राहिला तेव्हा मी ओळखलं. गोमाजीच होता. सुटून दीड वर्ष झालं होतं. दार नुसतं लोटलेलं होतं, तरी तो बाहेर थांबून राहिला. आतून रीताताईंनी हाक मारली तेव्हा आत आला. मग मला बघून खाली बसला आणि त्या अरुंद पट्ट्यावर त्यानं हात ठेवला.

"हे माह्या हातची हाय," तो म्हणाला.

पहिले कितीतरी रविवार तो एकटाच यायचा. मला पूर्ण अंथरायचा, एका कडेला बसायचा आणि दाराकडे बघत राहायचा. माणूस बसलेला असताना सतरंजीला बरं वाटतं. पण एकाच माणसाच्या वजनानं बाकीची सतरंजी किती रिकामी आहे, तेच जास्त कळतं.

मग रूपराव आला. सुटला त्या दिवशी गोमाजीच त्याला तुरुंगाच्या फाटकावर भेटला होता, कारण दुसरं कोणी आलंच नव्हतं. वडनेरच्या पुढे रूपरावचं गाव. विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून वाद झाला, त्यानं रागात कुदळीचा दांडा घातला, आणि मोठा भाऊ नानाजी तिथंच गेला. दहा वर्षांची शिक्षा भोगून तो बाहेर पडला होता. सावंगीच्या एका खानावळीत भांडी घासायचा, तिथंच झोपायचा. गावाकडे फिरकला नव्हता.

तो माझ्यावर यायचा तेव्हा अगदी टोकाला, गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. लघवीला जायचं तरी विचारायचा, "जाऊ का?"

"मले काऊन विचारून राह्यला?" गोमाजी एकदा म्हणाला. "मी का शिपाई हाय?"

रूपराव ओशाळला. तेव्हा गोमाजी हळूच म्हणाला, "माह्यंही असंच होतं, भाऊ. बंद दार दिसलं का मी उभाच. कोनी उघडीन म्हनून. दोन वर्षं गेले हात लावाले."

त्या दिवशी रूपराव पहिल्यांदा मांडी घालून बसला.

दोनेक महिन्यांनी त्यानं मनातलं सांगितलं. त्याला गावी जायचं होतं. घरासाठी नाही, शेतासाठी नाही. वहिनीला, रुख्माबाईला, भेटायचं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तो दहा वर्षांचा होता. आई नव्हती. तिनंच त्याला न्हाऊ-माखू घातलं होतं.

"काय सांगशीन तिले?" गोमाजीनं विचारलं.

"नाई मालूम."

"मंग एक कर. ते जे विचारीन, तेवढंच सांगजो. खरं सांगजो. गोड करून नको सांगू."

पुढच्या रविवारी गोमाजीनं माझी गुंडाळी केली आणि खांद्यावर टाकली. रूपरावनं विचारलं, हिला कशाला? गोमाजी म्हणाला, "तिथं आपल्याले कोनी बसाले टाकनार नाई. मी गेलतो ना माह्या गावी. दिवसभर उभा होतो."

आम्ही एसटीनं हिंगणघाटला गेलो, तिथून दुसऱ्या गाडीनं गावात. रुख्माबाईच्या घरासमोर लिंबाचं झाड होतं. त्याखाली गोमाजीनं मला अंथरलं. दोघं बसले. येणारे-जाणारे बघायचे, ओळखायचे आणि पावलं झपझप उचलायचे. एकानं आपल्या नातवाला माझ्यावर पाय ठेवू दिला नाही, उचलून पलीकडे नेलं. रुख्माबाईच्या घराचं दार उघडं होतं, पण ती बाहेर आली नाही. शेवटची गाडी धरून आम्ही परतलो.

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी ती दारात आली, डोळे बारीक करून पाहिलं आणि आत गेली.

चौथ्या रविवारी ती झाडापर्यंत आली. उंच, वाळलेली बाई. डोक्यावर पदर. माझ्या कडेशी येऊन उभी राहिली.

"काऊन येऊन राह्यला तू?" ती म्हणाली. "लोक मले विचारतेत."

रूपराव उठून उभा राहिला.

"तुले पाहून मले काई होत नाई आता," ती म्हणाली. "पन एक गोष्ट दहा वर्षं झाले डोक्यात हाय. कोर्टात वकील बोलले, पोलीस बोलले. कोनी सांगतलं नाई. त्याइचा जीव जाताना तू जवळ होता. काय म्हनलं त्याइनं?"

रूपरावनं गोमाजीकडे पाहिलं. गोमाजीनं मान खाली घातली होती.

"मी डोकं मांडीवर घेतलं होतं," रूपराव म्हणाला. "म्हनलं, बैल उन्हात हाय, सावलीत बांधजो."

रुख्माबाईनं पदर सावरला. मग तिनं विचारलं, "माह्यं नाव नाई घेतलं?"

त्या क्षणी मला वाटलं, घेतलं म्हण, रूपराव. कोण तपासणार आहे? एका बाईचं उरलेलं आयुष्य जरा सोपं होईल. पण मी सतरंजी. मला कोण विचारतं.

"नाई, वैनी," तो म्हणाला. "नाई घेतलं."

ती खाली बसली. माझ्यावर नाही. माझ्या कडेपासून वीतभर अंतरावर, मातीत. पदर तोंडाशी धरून ती रडली, आवाज न करता. दोन्ही पुरुष तसेच राहिले. लिंबाच्या निंबोळ्या टपटप पडत होत्या.

मग ती उठली. "खोटं नाई बोलला," ती म्हणाली. "बरं केलं. आता येऊ नको."

घरात जाऊन तिनं दार लावून घेतलं.

परतीच्या गाडीत रूपराव मला मांडीवर घेऊन बसला होता. हिंगणघाट आलं. मग म्हणाला, "गोमाजीदादा, ते मातीत बसली."

"हो," गोमाजी म्हणाला. "पन बसली."

रूपराव पुन्हा त्या गावी गेला नाही. तिनं सांगितलं होतं, ते त्यानं पाळलं. पण नंतरच्या रविवारी तो माझ्यावर बोलता बोलता आडवा झाला आणि उजेडात, दार उघडं असताना, गाढ झोपला. गोमाजीनं त्याला उठवलं नाही.

मागच्या हिवाळ्यात गोमाजीला दम लागायला लागला. रूपरावनं त्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती केलं. दोन रविवार खोली उघडलीच नाही. तिसऱ्या रविवारी रूपराव एकटा आला. मला अंथरलं, मधोमध बसला आणि त्या अरुंद पट्ट्यावर कितीतरी वेळ हात फिरवत राहिला. मला कळलं. ज्या हातांनी मला विणलं, ते हात आता नव्हते.

रीताताईंची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली. किल्ली रूपरावकडे आहे. सहा दिवस मी फळीवर घडीत असते. रस्त्यावरून दवाखान्याकडे जाणाऱ्या गाड्यांचे आवाज येतात. सातव्या दिवशी तो येतो, मला झटकतो, अंथरतो, आणि कुणी येत नाही. माझ्या घड्या आता चिरत चालल्या आहेत. सतरंजी बसून झिजली तर तिला वाईट वाटत नाही. घडीत राहून विरली तर वाटतं.

गेल्या रविवारी मात्र रूपरावच्या मागे एक माणूस होता. धनंजय, आर्वीकडचा. गुरुवारी सुटलेला. रूपराव त्याच्यासाठी फाटकावर दोन तास थांबला होता. धनंजय दारातच घुटमळला. खोली बघितली, मला बघितलं.

"किती जन येतेत इथं?" त्यानं विचारलं.

रूपराव माझ्यावर बसला आणि जरा सरकला.

"तू धरून दोन," तो म्हणाला.

धनंजय आत आला. टोकालाच बसला. बोलेल हळूहळू.

तुमच्या गावातही असा कुणी परतला असेल. त्याला माफ करा, असं मी म्हणणार नाही. ते माझ्यासारखीनं सांगायचं नाही, आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांना तर मुळीच नाही. पण तो तुमच्या दारासमोर उभा राहिला, तर बसायला काहीतरी टाका. पोतं टाका, गोणपाट टाका. तुम्ही स्वतः वीतभर लांब बसलात तरी चालेल.